बिनरंगाचं पाणी

अंबाजोगाई,
११ फेब्रुवारी २०२४

ती. मोठ्या आईस,
मोहिनीचा नमस्कार.

फोनवर तुझ्या कानात ओरडण्यापेक्षा हे बरं, म्हणून सगळं लिहूनच सांगते. भारतदादाजवळ निरोप ठेवला असता, पण मी त्याला अर्धं सांगणार आणि तो तुला त्यातलं पाव सांगणार.

तर टाकी चालू झाली. बजरंगशेठच्या कारखान्यात परकराचं कापड रंगवून जे पाणी उरतं, ते आता आधी या टाकीत येणार आणि मग आपल्या ओढ्याला लागणार. गेलं वर्षभर तू सुंदररावांच्या जीपमधून ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या धाडल्यास, त्यावरच माझं सगळं काम उभं राहिलं.

तू विचारलं होतंस, औषध कसलं टाकता म्हणून. वैद्याकडे जस्ताचं पांढरं भस्म असतं ना, जवळपास तसलंच, फक्त इतकं बारीक की सुईच्या टोकावर कोट्यवधी कण मावतील. याला नॅनो म्हणतात. हे भस्म आम्ही कापडी गाद्यांवर चिकटवलं आणि गाद्या टाकीत उभ्या केल्या. ऊन पडलं की ते रंगाचे तुकडे तुकडे करतं.

परवा उद्घाटनाला शेठ, सरपंच, पेपरवाले, सगळे होते. टाकीत लालभडक पाणी भरलं. चाळीस मिनिटांत रंग गेला! ज्यांच्या हाताखाली मी पीएचडी करते त्या चौसाळकर सरांनी ग्लास भरून उन्हात धरला. अगदी काचेसारखं पाणी, मोठी आई. तुझ्या पुतणीचं नाव शेठनी चारचौघांत घेतलं.

दादाला टाकीवर ठेवून घेतलं याचा आनंद मला त्याहून मोठा आहे. कारखान्यात कापडाच्या गाठी उचलून त्याची पाठ गेली होती. आता दिवाळीनंतर त्याला आणि अंजूवहिनीला कोयता घेऊन ऊसतोडीला कड्याच्या फडात जायची पाळी येऊ नये.

बाटल्या मात्र धाडत राहा. टाकीचं पाणी जिथं ओढ्यात पडतं तिथली भर, आणि सोबत चिठ्ठीत वार आणि वेळ लिही.

तुझी,
मोहिनी


टाकळदरा,
२६ फेब्रुवारी

मोहिनीस मोठ्या आईचा आशीर्वाद.

तुजं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा अंजूला म्होरं बसवून. चौथीची शाळा हाय माजी, येळ लागतो.

बाटली सुंदररावाजवळ दिली हाय. आज सोमवार, सकाळी अकराला भरली.

बाई, तू लिवलंस तसंच झालं बग. गेल्या साली वढा सोमवारी लाल अन बुधवारी निळा. मेंढरं नुसता वास घ्यायची अन तोंड फिरवायची. त्यांला दोन कोस लांब तळ्यावर न्यावं लागायचं. लोक म्हनायचे, साखराबाई, तुज्या मेंढरांची होळी बारा महिने चालू हाय का? आता पानी असं हाय की तळाचा खडा दिसतो. मेंढरं दिसभर वढ्यालाच असत्यात. माजे गुडघे वाचले.

भारत लई खुश हाय. आदी दिस मावळल्यावर यायचा, आता दुपारच्याला घरी येऊन जेवतो, जरा पडतो अन जातो. म्हनतो, आये, काम काय हाय त्यात, वाल उघडायचा अन बंद करायचा.

एक गोष्ट सांगते, कुटं बोलू नको. अंजूला तिसरा महिना लागलाय. आमच्यात पाचव्यापातूर सांगत न्हाईत. पर भारतला सख्खी बहीण न्हाई, तूच हायस, म्हून तुला सांगितलं.

मोठी आई


अंबाजोगाई,
९ मार्च

ती. मोठ्या आईस नमस्कार.

बातमी वाचून प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले होते. कुणाला सांगितली नाही. वहिनीला जड उचलू देऊ नकोस.

बाटली तपासली. रंग शून्य आहे. पण आम्ही आणखी एक गोष्ट मोजतो, पाण्यातली घाण जाळायला प्राणवायू किती लागतो ती. कारखान्याच्या कच्च्या पाण्याला जेवढा लागतो, जवळजवळ तेवढाच तुझ्या बाटलीला लागला. आमच्या अहवालात तो त्याच्या दहाव्या हिश्श्याला आला होता. असं व्हायला नको. बाटलीत आधी तेल किंवा रॉकेल काही होतं का? या वेळी तीनदा धुऊन, चौथ्यांदा ओढ्याच्याच पाण्यानं खळबळून भर.

आणि दादा टाकी किती वाजता भरतो, वाल किती वाजता उघडतो, एवढं बघून लिही. त्याला विचारू नकोस, नुसतं बघ. नाहीतर त्याला वाटायचं बहीण पहारा ठेवते.

मेंढरं ओढ्याला चरतात हे छान झालं. तिथली हरळी अजून हिरवी असेल.

मोहिनी


टाकळदरा,
१८ मार्च

मोहिने,

मला बाटली धुवाया शिकवतीस व्हय? दुधाची भांडी घासन्यात जलम गेला माजा. बाटली सवच्छ व्हती. तरी तू म्हनलीस म्हून चारदा धुतली. आज सोमवार, दुपारी दोनची येळ.

वालाचं इचारलंस. भारत येळंवर सोडतो. त्याचं काम त्याला ठावं.

इकडं जरा इपरीत झालंय. दोन मेंढ्या गाभडल्या, कच्चीच पिल्लं पडली. पहिलारू न्हाईत, चार-चार येतं झालेल्या. कधी काही झालं न्हाई त्यांला. मला वाटलं लांडग्यानं भेवडलं, पर अंजू म्हनती कुत्रं भुंकलं न्हाई. शेजारची मंगल म्हनती नजर लागली. मीठ-मिरच्या उतरून टाकल्या.

तुला अभ्यासाच्या नादात हे कावून सांगते कुणास ठावं. हाताला लिवायची सवय लागली तुज्यामुळं.

मोठी आई


अंबाजोगाई,
२१ मार्च

मोठी आई,

हे पत्र हातात पडलं की आधी मेंढरं ओढ्यावरून हाकल. मग पुढचं वाच.

हाकललीस? आता ऐक.

दुसरी बाटलीही तशीच आली. चूक तुझ्या बाटलीत नव्हती. रंग चाळीस मिनिटांत जातो हे खरं आहे, पण रंग जाणं आणि घाण जाणं या दोन गोष्टी आहेत. रंगाचे तुकडे होतात तेव्हा ते डोळ्यांना दिसेनासे होतात, पण पाण्यात असतात. त्यातले काही मूळ रंगापेक्षा वाईट असतात. त्यांचा पुरता नाश व्हायला कडक उन्हात सहा तास लागतात. टाकीचा नियमच सहा तासांचा आहे. आणि सहा तासांनंतरही ते पाणी पिण्याचं होत नाही. त्यातलं मीठ जात नाही, गादीवरचं भस्मही थोडं सुटून येत असेल. ते फक्त पुन्हा कापड धुवायला चालावं, एवढंच.

हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. मी काचेसारखं म्हणून मोकळी झाले. तू मेंढरं ओढ्यालाच असतात असं लिहिलंस, तेव्हा मी हरळीचा विचार केला, पाण्याचा केला नाही.

मेंढ्या त्यानंच गाभडल्या हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते पाणी बंद म्हणजे बंद. माणसांपैकी कुणी त्या बाजूचं पाणी घेतं का, ते लगेच कळव. आणि वाल किती वाजता उघडतो ते खरं लिही. तू मागच्या पत्रात ते टाळलंस हे माझ्या लक्षात आलं आहे.

मोहिनी


टाकळदरा,
२६ मार्च

मोहिने,

हाकलली. सुंदररावानं पत्र रानात आणून दिलं तवा मेंढरं पान्यातच तोंड घालून व्हती. काठी घेऊन म्या अशी धावले की अंजूला वाटलं सासूला येड लागलं.

सात गाभडल्या. दोन न्हवं, सात. बाकीच्या म्या तुला लिवल्या न्हाईत, तुज्या टाकीला बट्टा लागू नये म्हून.

आता तू ऐक. पानी रंगीत व्हतं तवा मुकं जनावर सुदिक तोंड फिरवत व्हतं. रंग वरडून सांगत व्हता, जवळ येऊ नका. म्या भईरी, पर ते मला बी ऐकू येत व्हतं. तू त्याचं तोंड बंद केलंस अन जहर तसंच ठिवलंस. मंग आदी कावून न्हाई सांगितलंस?

मानसांचं इचारतीस. वढ्याच्या काठाला वाळूत खांदलेला झिरा हाय. फेब्रुवारीपासनं अंजू त्याचंच पानी भरती. हातपंप लांब पडतो, पोटुशी पोरगी, म्हून म्याच तिला सांगितलं, जा, झिऱ्याचं भर. तुजं पत्र वाचून दाखवून सांगितलं. काचेवानी पानी मानूस पेतो, मोहिने. परवा तुजं पत्र वाचल्या वाचल्या घरातला हंडा वतून दिला. तिनं इचारलं काय झालं. म्या म्हनलं, मुंग्या पडल्यात्या. तवापासनं हातपंपाचं पानी म्याच आनते.

वालाचं खोटं लिवलं व्हतं. पाऊण तास. रंग गेला की सुपरवायजर म्हनतो सोड, मागं पानी तुंबलंय. सहा तास धरलं तर दिसाला एकच टाकी व्हती, अन पानी निघतं तीन टाक्यांचं. दुपारपातूर तिन्ही सोडून भारत मोकळा. अन रजिस्टरात सहा तास लिवून खाली भारतची सही. त्याला काय ठावं आत काय ऱ्हातं? रंग गेला म्हंजी झालं, असंच आमा समद्यांला वाटलं.

त्याचं नाव कुटं लिवू नको. पाया पडते असं म्या लिवनार न्हाई, म्या मोठी हाय. पर नाव लिवू नको. टाकी सुटली तर पोटुश्या बायकोला घेऊन तो उसात जाईल.

साखराबाई


अंबाजोगाई,
२ एप्रिल

ती. मोठ्या आईस,

तुझ्या पत्राखाली 'मोठी आई' नव्हतं. ते मला लागलं, आणि लागावं असंच होतं.

आधी वहिनीचं. तिला लगेच इथं सरकारी दवाखान्यात आण. मी एका डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलं आहे. घाबरवू नकोस, पण टाळू नकोस. तिला खरं सांग. ती लहान नाही.

आता मी लपवलेलं. तीन टाक्यांचं पाणी एका टाकीत मावणार नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी अहवालात लिहिलं होतं, अशा तीन टाक्या लागतील. छापून आला तेव्हा ते पान नव्हतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "आधी एक होऊ दे, मग बघू. सगळं एकदम मागितलं तर शेठ माघार घेईल." मी गप्प बसले आणि सही केली. म्हणून पहिली खोटी सही माझी आहे, दादाची सही नंतरची.

परवा तुझ्या दोन्ही बाटल्यांचे आकडे सरांसमोर ठेवले. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "मोहिनी, मे महिन्यात कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण आहे, ते आपल्या अहवालावर आहे. बायकांनी ओढ्यावर भरलेल्या बाटल्या म्हणजे पुरावा नव्हे. तुझा प्रबंध पूर्ण करायचा आहे ना?"

मी प्रदूषण मंडळाला पत्र लिहिते आहे. अहवालावरची माझी सही मागे घेते. दादाचं नाव त्यात नाही. पण मोठी आई, कारखाना रजिस्टर पुढं करेल. त्यात रोज सहा तास लिहिलेलं आहे. ते खोटं आहे हे सांगू शकणारा माणूस एकच आहे. मी त्याला विचारणार नाही. तूही विचारू नकोस. फक्त वहिनीला आण.

मोहिनी


टाकळदरा,
१३ एप्रिल

मोहिने,

भारतला पत्रं घावली. धान्याच्या कणगीमागं ठिवली व्हती. माज्या म्होरं बसून एकेक वाचलं त्यानं. मला ऐकू यावं म्हून तो डाव्या कानाशी येऊन बोलतो नेहमी. त्या दिशी समोरच बसला. ओठावरनं कळलं मला.

"आये, तू अन मोहिनी मिळून माज्या पोटावर पाय देताय व्हय?"

म्या म्हनलं, "पोटावर न्हवं रं, तुज्या बायकोच्या पोटासाठी चाललंय."

"तिला काय झालंय? धडधाकट हाय. अन झालंच काही तर कुणी केलं? टाकी मोहिनीची, भस्म मोहिनीचं. म्या नुसता वाल फिरवला." मंग बाटली उचलली, तुज्यासाठी भरून ठिवलेली, अन उंबऱ्यावर आपटून फोडली. अंजू दारात उभी व्हती. तिला तवा पयल्यांदा कळलं की झिऱ्याचं पानी तसलं व्हतं. पोटाला हात लावून खाली बसली.

परवापासनं तिच्या वटीपोटात कळा येत्यात. थोडं अंगावरनं बी गेलं. म्या म्हनलं अंबाजोगाईला न्यू. भारत म्हनतो, तिथं मोहिनीची डॉक्टरीन, ती कागदावर लिवून घील अन कोर्टात दावील. घाटनांदूरला दाखवून आनलं. गोळ्या दिल्यात अन म्हनले मोठ्या दवाखान्यात न्या. तो ऐकना. सुंदररावाला बी सांगून आलाय, माज्या आईची बाटली घेऊ नको.

हे पत्र मंगलच्या हाती धाडते, ती बाजाराला येनार हाय.

काय करू, मला सुचत न्हाई.


अंबाजोगाई,
१५ एप्रिल

भारतदादा,

हे पत्र तुलाच आहे. मोठ्या आईनं वाचलं तरी चालेल.

तू म्हणालास, टाकी मोहिनीची, भस्म मोहिनीचं. खरं आहे. टाकी कमी पडणार हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. पाण्यात काय राहतं हे मला माहीत होतं, तुला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. मंडळाला पाठवलेल्या पत्राची नक्कल सोबत जोडते. ओळ न ओळ वाच. चूक कुणाची या प्रश्नाखाली एकच नाव आहे, माझं.

तुझ्याकडून मला कबुली नको. रजिस्टर नको. साक्ष नको. तू उद्या शेठसमोर उभा राहून मोहिनी खोटारडी आहे म्हणालास तरी मी उलट बोलणार नाही.

फक्त वहिनीला मोठ्या दवाखान्यात आण. त्या डॉक्टरबाईंकडे नको, दुसऱ्या कुणाकडे ने. मी समोर येणार नाही. माझं नावही सांगू नकोस. कागद सगळे तुझ्याजवळ ठेव.

अंगावरून गेलंय, दादा. दिवस मोजत बसू नकोस. आज निघ.

मोहिनी


टाकळदरा,
२९ एप्रिल

मोहिनीस आशीर्वाद.

तुजं पत्र आल्यापासनं तिसऱ्या दिशी पहाटं सुंदररावाची जीप दारात. अंजूला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. पाच दिस ठिवलं. आता लेकराचे ठोके नीट लागत्यात म्हनले, पर हालचाल करायची न्हाई. पान्यानंच झालं का, असं म्या इचारलं. डॉक्टर म्हनले, तसं सांगता येत न्हाई, अन तसं न्हाई असं बी सांगता येत न्हाई.

आता शुक्रवारचं सांगते. मंडळाचे साहेब आलते. तुला येऊ दिलं न्हाई म्हनं तुज्या सरांनी, कॉलेजात अडकवून ठिवलं. बरं झालं, तुला बगवलं नसतं.

टाकीपाशी मानूस मावंना. शेठ, सुपरवायजर, सरपंच, निम्मं गाव. कारखान्यातल्या बाया एका अंगाला उभ्या, तोंडाला पदर लावून. कारखाना बंद पडला तर त्यांचं काम जानार, त्या माज्याकडं अशा बगत व्हत्या की म्या त्यांचं लेकरू पळवलंय. म्या अन अंजू मागं उभ्या. पडून ऱ्हा म्हनलं तर ऐकली न्हाई, म्हनली, पोट माजं हाय, म्या येनार.

साहेबांनी पानी ग्लासात घेतलं. काचेवानी. सुपरवायजरनं रजिस्टर उघडून दिलं. साहेब पानं उलटत व्हते, अन शेठ हसून काहीतरी सांगत व्हता. मला एक अक्षर ऐकू येत न्हवतं, नुसती तोंडं हालताना दिसत व्हती. मला वाटलं झालं, हे आता चहा पिऊन जानार.

मंग समदी तोंडं एकदम थांबली. शेठचं हसू तसंच ऱ्हायलं, वाळल्यावानी. समदे एकीकडं बगाया लागले. म्या बगितलं तर भारत. टाकीच्या कडंला उभा, अन बोलत व्हता. पाठ माज्याकडं, वठ दिसंनात. म्या अंजूला हलवलं, काय म्हनतोय? काय म्हनतोय? तिच्या डोळ्याला धार लागलती. तिनं माज्या डाव्या कानात तोंड घालून सांगितलं.

"ते म्हनत्यात, साहेब, पाऊण तास. सहा तास एक दिस बी न्हाई. ही सही माजी हाय अन ही खोटी हाय. वाल म्याच उघडला, अन ते पानी माजी बायको दीड महिना प्याली."

सुपरवायजर अंगावर धावला. दोघांनी धरला. साहेबांनी भारतला खाली बसवलं अन समदं पुन्हा सांगाया लावलं, लिवून घेतलं, अंगठा न्हवं, सही घेतली.

त्याच दिशी त्याला कारखान्यातनं काढलं. आठ दिसात कुलूप लागनार म्हनत्यात. सांजच्याला दोन बाया दारावर येऊन लई बोलून गेल्या. म्या भईरी म्हून बसून ऱ्हायले. त्याला समदं ऐकू येत व्हतं.

अकरा मेंढ्या गाभडल्या एकून. आता समद्या तळ्यावर नेते.

मोठी आई


अंबाजोगाई,
२६ ऑगस्ट

ती. मोठ्या आईस नमस्कार.

चार महिने तुला लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं.

माझा अहवाल रद्द झाला. चौसाळकर सरांनी मला हाताखालून काढलं. आता दुसऱ्या बाई मार्गदर्शक आहेत, दोन वर्षं मागे गेले, पण काम सोडलं नाही. त्याच भस्मावर आहे. या वेळी पहिल्या पानावर लिहिलं आहे, रंग जाण्याची वेळ आणि घाण जाण्याची वेळ, शेजारी शेजारी, मोठ्या आकड्यांत.

मंडळानं शेठना अटी घातल्या आहेत. तीन टाक्या, सहा तास, ढगाळ दिवशी रंगकाम बंद, आणि टाकीतलं पाणी ओढ्यात न सोडता पुन्हा कारखान्यातच कापड धुवायला वापरायचं. दसऱ्याच्या सुमारास कारखाना उघडेल असं ऐकते. म्हणजे त्या बायकांना काम मिळेल. दादाला मिळणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आणि हे तुला सांगायलाच हवं. नऊ तारखेला बाळ झालं, दोन किलोंच्या आत वजन, इथल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, हे मला त्याच दिवशी सुंदररावांकडून कळलं. मी रोज संध्याकाळी त्या वॉर्डापर्यंत येत होते. दादा बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मी जिन्यापासूनच परत फिरायचे. समोर येणार नाही असं त्याला लिहून दिलं होतं. एका संध्याकाळी त्यानं मान वर केली. मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

मुलगी कशी आहे, एवढं एक ओळीत कळव.

मोहिनी


टाकळदरा,
५ नोव्हेंबर

मोहिनीस मोठ्या आईचा आशीर्वाद.

एक वळीत कसं कळवू? दोन महिने लागले उत्तराला, दिवाळी बी गेली. पोरगी अंगानं बारीक हाय, पर अंगावर पेती चांगली, अन रडती अशी की मला बी ऐकू येतं म्हन. सवाचार किलो भरली. दर महिन्याला दवाखान्यात दाखवा म्हनलेत. कान, डोळे, समदं तपासतात. आतापातूर बरं हाय. म्होरचं कुणी सांगत न्हाई, अन आमी बी इचारत न्हाई.

कारखाना उघडला. टाकीवर परगावचा मानूस ठिवलाय. वढा आता कोरडाच असतो, पाऊस पडला तेवढाच.

भारतला गावात कुणी काम दिलं न्हाई. शेठची भीती समद्यांला. त्यानं टोळीत नाव घातलंय, सोमवारी कड्याला निघतो. एकटाच. अंजू म्हनली, म्या येनार, तर म्हनला, न्हाई, तू अन लेकरू इथंच. त्याची जोडीदारीन म्हून दुसऱ्या टोळीतली बायनाबाई हाय, तिचा नवरा मागल्या साली गेला.

तुज्याबद्दल तो बोलत न्हाई. राग गेला असं म्हनला न्हाई, अन म्या इचारलं न्हाई.

पर एक सांगते. पोरीचं बारसं झालेलं न्हाई. बाराव्या दिशी दवाखान्यात व्हती, ते ठीक. घरी आनल्यावर म्या म्हनलं, आता करून टाकू, मंगलला बोलवते, ती कानात नाव सांगील. भारत कोयत्याला धार लावत व्हता. मान बी वर केली न्हाई. म्हनला, "कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. मंगल काय तिची आत्या हाय?"

म्हनलं, मंग आत्याला सांगावा धाडू का? तर धार लावत ऱ्हायला. दसऱ्याला म्या पुन्हा काढलं, दिवाळीला पुन्हा काढलं. दोन्ही बारी तेच म्हनला.

पोरीला तीन महिने झाले, अजून नाव न्हाई. आमी तिला नुसतं बाळे म्हनतो. काल गावातली एक बाई हसली त्याला. भारत तिला म्हनला, "घाई कावून करताय? तिची आत्या शिकती हाय. येळ लागतो."

सोमवारी सकाळी आठला टोळीची गाडी येते. रविवारी ये. नाव तूच ठरवून आन.

तुजी,
मोठी आई